मिठाची वाट आधी आखा: वाळवंटातील अ‍ॅक्वापोनिक्स प्रकल्पाच्या नोंदी

८ जानेवारी

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी मातीविना वाढणाऱ्या भाजीला देणं आणि तेच पुन्हा माशांकडे फिरवणं. त्यासाठीच्या विंधन विहिरीच्या पाण्याचा अहवाल आला. एकूण विद्राव्य क्षार लिटरला २,८०० मिलिग्रॅम, त्यातलं सोडियम ६२०. बोरॉन १.६. उपशाचं तापमान ३८ अंश. चवीला मचूळ, हाताला कोमट.

माशांच्या दृष्टीने हे पाणी वाईट नाही. नाईल तिलापिया याच्या तिप्पट खारटपणातही वाढतो. अडचण लेट्यूसची आहे. जमिनीतल्या पिकांसाठी जे क्षार-सहनशीलतेचे तक्ते वापरतात त्यांत लेट्यूसचं उत्पादन मीटरला १.३ डेसीसायमन वाहकतेपासून (मीठ किती ते सांगणारं माप) घटायला लागतं, आणि आपलं पाणी चारच्या पुढे आहे. म्हणजे भाजीच्या वाटेवर आरओ (पडद्यातून पाणी दाबून क्षार वेगळे करणारं यंत्र) लागणारच. बोरॉन मात्र साध्या सामूला (पीएचला) आरओच्या पडद्यातून बऱ्यापैकी निसटतं, तेव्हा शुद्ध केलेल्या पाण्यातही ते वेगळं तपासत राहायचं.

१५ जानेवारी

आकारमान ठरवलं. पाच हजार चौरस मीटर तराफे (पाण्यावर तरंगणारे, भाजी धरून ठेवणारे थर्मोकोलचे तक्ते), खाली ३० सेंटीमीटर खोल पाणी, म्हणजे वाफ्यांत १,५०० घनमीटर. माशांच्या टाक्या ५०० घनमीटर.

खाद्यावरून बाकी सगळं निघतं. पालेभाजीला चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम माशांचं खाद्य हे एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) २०१४ च्या पुस्तिकेतलं प्रमाण. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी तराफा पद्धतीवर केलेल्या कामात ते ६० ते १०० येतं. मी ५० धरलं. त्यावरून:

रोजचं खाद्य २५० किलो. खाद्य रूपांतर दीड (किलोभर मासळीला दीड किलो खाद्य) धरलं तर दिवसाला १६५ किलोच्या आसपास मासळी, वर्षाला साधारण ६० टन. टाक्यांत कायम साडेबारा टन जिवंत मासे. खाद्यात ३२ टक्के प्रथिनं, त्यातून रोज सव्वासात किलोच्या वर अमोनिया-नत्र. त्याचं झाडांना घेता येणारं नायट्रेट करायला जिवाणूंना रोज ३३ किलो ऑक्सिजन हवा आणि ५२ किलो कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता (आम्ल शोषायची पाण्याची क्षमता). आरओच्या पाण्यात अल्कता जवळपास नसतेच, म्हणून विझवलेला चुना आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड आलटून पालटून द्यावं लागेल. माशांच्या खाद्यात झाडांच्या गरजेपेक्षा कॅल्शियम, पोटॅशियम आणि लोह कमी असतं, त्यातली पहिली दोन या वाटेने भरून निघतात. लोह चिलेट रूपात (विरघळलेलंच राहील अशा बांधलेल्या स्वरूपात) वेगळं.

२ फेब्रुवारी

साइटवरची वाळू तपासली. वाळूचे वाफे हा अ‍ॅक्वापोनिक्समधला जुना मार्ग. १९८० च्या दशकात नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात मार्क मॅकमर्ट्री यांनी तिलापियाचं पाणी वाळूवर सोडून टोमॅटो-काकडी घेतली होती. वाळूच गाळणी, वाळूच जिवाणूंचं घर. कोरड्या प्रदेशांसाठी ही कल्पना मला आजही मोलाची वाटते.

आपल्या वाळूवर व्हिनेगर टाकलं आणि ती फसफसली. चुनखडीची आहे. असली वाळू सामू आठकडे ओढत राहते, लोह आणि स्फुरद झाडाच्या हाती लागू देत नाही. मुख्य पिकाला तराफेच. वाळू कुठे वापरायची ते नंतर बघू, टाकून द्यायची नाही.

२० फेब्रुवारी

आज फक्त सोडियमचा हिशेब केला. माझ्या मते या प्रकल्पातला हा सर्वांत दुर्लक्षित आकडा आहे.

राकोसी यांच्या शिफारशीप्रमाणे माशा-झाडांच्या सामाईक पाण्यात सोडियम लिटरला ५० मिलिग्रॅमच्या खाली हवं. आपण घेणार असलेल्या खाद्यात ०.३ टक्के सोडियम आहे, म्हणजे रोज पाऊण किलो. आरओच्या पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम उरतं आणि ते पाणी रोज २५ घनमीटर भरायचं: वीस झाडांच्या बाष्पोत्सर्जनाचे, पाच गाळाबरोबर जाणारे. त्यातून आणखी अर्धा किलो. झाड पाणी पितं, सोडियम बहुतांशी मागे ठेवतं. सव्वा किलो दोन हजार घनमीटरमध्ये मिसळलं की रोज ०.६ मिलिग्रॅमची चढ. सुरुवातच विसावर असल्याने, गाळाबरोबर थोडं बाहेर जातं हे धरूनही, साधारण दोन महिन्यांत पन्नाशी गाठली जाते.

पावसाच्या प्रदेशात हा प्रश्न कुणाला जाणवत नाही. थोडं पाणी सोडून दिलं, पावसाचं भरलं, संपलं. वाळवंटात भरायला येणारं पाणीच मीठ घेऊन येतं आणि सोडायला नदी नसते. ‘बंद चक्र’ हा शब्द पाण्याला लागू पडतो. मिठाला चक्रच नाही. ते आत येतं आणि बाहेर काढेपर्यंत आतच राहतं.

११ मार्च

चाचणी युनिट सुरू. एक टाकी, एक जैवगाळणी, दोन वाफे. मासे अजून नाहीत, अमोनियम क्लोराइड देऊन जिवाणू वाढवतोय. आधी अमोनिया उतरला, नायट्राइट वर गेलं, आता तेही उतरतंय. विहिरीचं कोमट पाणी हिवाळ्याच्या शेवटी कामी आलं, इतक्या थंड रात्री असूनही टाकी २७ अंशांवर ठेवता आली. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात जमिनीखालचं गरम मचूळ पाणी आधी मत्स्यपालनाला आणि मग ऑलिव्हसारख्या पिकांना देतात. त्यातला उष्णतेचा भाग आपल्याला थेट घेता येईल, कारण तिलापिया दहा-बारा अंशांखाली तग धरत नाही आणि वाळवंटातली हिवाळी रात्र तिथपर्यंत सहज जाते.

१९ मार्च

बोटुकली सोडली. पहिले काही दिवस खाद्य निम्मं.

६ एप्रिल

वीज गेली तर किती वेळ हातात? साडेबारा टन मासे, किलोमागे तासाला २५० मिलिग्रॅम ऑक्सिजन: तासाला तीन किलोच्या वर. पाचशे घनमीटर पाण्यात सहा मिलिग्रॅमवरून तीनवर येईपर्यंत वापरता येण्याजोगा साठा दीड किलो. म्हणजे अर्धा तास. तीस अंशांच्या पाण्यात तुडुंब विरघळला तरी ऑक्सिजन साडेसात मिलिग्रॅमच असतो, त्यामुळे साठा वाढवायला वावच नाही.

मत्स्यविभाग सांभाळणारे सहकारी म्हणाले, जनरेटर दोन घेऊ. घेऊच. पण माझा आग्रह द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीचा आहे. वीज गेली की आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह, टाकीच्या तळाशी बारीक बुडबुड्यांचे दगड. त्याला ना पंप लागतो ना बॅटरी ना माणसाची जाग. साडेबारा टन जीव आपल्या भरवशावर आहेत, तिथे चालणारं यंत्र हा शेवटचा आधार असू नये. दोन्ही मंजूर झालं.

अमोनियाबद्दलही त्याच बैठकीत बोललो. तीस अंशांना सामू आठ असेल तर एकूण अमोनियाचा साधारण साडेसात टक्के भाग विषारी मुक्त रूपात असतो, सामू सात असेल तर एक टक्काही नाही. वीज गेल्यानंतर वायुविजन जोरात सुरू केलं की कार्बन डायऑक्साइड उडून सामू चढतो, आणि नेमकं तेव्हाच अमोनिया साठलेला असतो. म्हणून वीज परत आल्यावर हवा टप्प्याटप्प्याने वाढवायची, खाद्य दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. रात्रपाळीच्या भिंतीवर हे मोठ्या अक्षरांत लावलं.

२४ एप्रिल

कूलिंग पॅडचा हिशेब, म्हणजे ओल्या पॅडमधून हवा ओढून झाडांभोवती गारवा करण्याचा. आजची नोंद लांबेल.

दुपारी बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता दहा टक्के असली की वेट बल्ब तापमान (पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जिथवर थंड होऊ शकते ते) २१ च्या थोडं वर असतं. पॅडची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर आत येणारी हवा २६ अंशांवर उतरते. वाळवंटातल्या कोरड्या हवेची ही खरी देणगी आहे. समुद्रकाठच्या वाळवंटात ती मिळत नाही: ३८ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला वेट बल्बच ३१ ला अडकतो, तिथे पॅड जवळपास निरुपयोगी. आपण आतल्या भागात आहोत, म्हणून हा पर्याय खुला आहे.

आता किंमत. हवा १९ अंश थंड करायला तिच्या दर किलोमागे सुमारे आठ ग्रॅम पाणी वाफ करावं लागतं. चौरस मीटरमागे सेकंदाला ०.०४ घनमीटर हवा, दिवसाचे दहा तास. गुणाकार दर चौरस मीटरला साडेबारा लिटरच्या पुढे जातो. पाच हजार चौरस मीटरला रोज ६३ घनमीटर.

भाजी स्वतः पिते वीस.

आणि पॅडला दिलेलं पाणी सगळं उडत नाही. आपलं २,८०० चं पाणी पॅडवर तिपटीपेक्षा जास्त घट्ट होऊ दिलं तर चुन्याची पुटं चढून पॅड बसतं. तिपटीवर थांबवायचं तर उडणाऱ्या पाण्याच्या निम्मं, ३१ घनमीटर, निचऱ्यात सोडावं लागतं. म्हणजे पॅडला ९४, आरओला ३६ (दिलेल्या पाण्यापैकी ७० टक्के शुद्ध होऊन मिळतं असं धरून). विहिरीतून रोज १३० घनमीटर.

२५ एप्रिल

कालच्या आकड्याला एक तुलना जोडतो, कारण पुढच्या बैठकीत ‘नव्वद टक्के पाणी वाचतं’ हे वाक्य येणारच.

२०१५ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या युमासाठी शेतातलं आणि हायड्रोपोनिक (मातीविना, खत मिसळलेल्या पाण्यावर वाढवलेलं) लेट्यूस शेजारी ठेवून हिशेब प्रसिद्ध झाला. शेतात किलोमागे २५० लिटर पाणी, हायड्रोपोनिक्समध्ये २०. उत्पादन चौरस मीटरला वर्षाला ३.९ किलोविरुद्ध ४१. ऊर्जा मात्र किलोमागे १,१०० किलोज्यूलविरुद्ध ९०,०००. पहिली जोडी सगळे सांगतात, तिसरी क्वचितच कुणी.

तेच ४१ किलो आपल्या क्षेत्राला लावले तर रोज ५६० किलो भाजी. फक्त झाडांचं पाणी मोजलं तर किलोमागे ३६ लिटर. पॅड आणि आरओसकट विहिरीवर मोजलं तर उन्हाळ्यातल्या दिवसाला २३०. उघड्या शेताच्या अगदी जवळ. मासळी जमेला धरली तरी चित्र फारसं पालटत नाही.

माझं म्हणणं पद्धत वाईट आहे असं नाही. मी तिच्यासाठीच इथे आहे. पण पाण्याचं मीटर वाफ्यापाशी बसवलं तर एक उत्तर येतं, विहिरीपाशी बसवलं तर दुसरं. वाळवंटात खालचा जलसाठा ज्या आकड्याने उतरतो तो विहिरीपाशीच मोजला जातो. प्रकल्पाच्या प्रत्येक अहवालात तोच पहिला छापायचा, असं मी लेखी सुचवलं आहे.

३ मे

निचरा. आरओचा खारा निचरा ११ घनमीटर, पॅडचा ३१, दोन्ही मिळून ४२. त्यात रोज साडेतीनशे किलोच्या वर मीठ. खाऱ्या तळ्यातून दिवसाला आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर ४२ घनमीटर उडवायला ५,२५० चौरस मीटरचं अस्तर घातलेलं तळं लागेल. पिकाच्या क्षेत्राहून मोठं.

नकाशावर शेताशेजारी तेवढंच तळं काढून दाखवलं, तेव्हा खोलीतली चर्चा बदलली. आतापर्यंत निचऱ्याला आराखड्याच्या कडेला एक बाण होता. तो कुठे जातो ते कुणी विचारलं नव्हतं. वाळूत सोडून देणं हा मार्ग नाही. आज सोडलेलं मीठ काही वर्षांनी त्याच विहिरीत परत येतं, आणि ती विहीर आपल्या एकट्यांची नाही.

१४ मे

आराखडा मुळापासून फिरवायचा प्रस्ताव मांडला.

माशांचं आणि झाडांचं पाणी वेगळं करायचं. माशांकडून झाडांकडे पाणी एकाच दिशेने जाईल, परत नाही. सामूची ओढाताण त्याने मिटते (झाडांना सहाच्या आसपास, जिवाणूंना सातच्या वर), पण वाळवंटात याचं मोठं कारण उष्णता आहे. एकत्र चक्रात माशांचं २८ अंशांचं पाणी तासाला पाचशे घनमीटर वाफ्यांतून फिरतं. मुळं थंड ठेवण्याचा विचारही करता येत नाही. वेगळं केलं तर दिवसाला वीसच घनमीटर कोमट पाणी वाफ्यात येतं.

मग हवेऐवजी मुळं थंड करा. तीन सेंटीमीटर थर्मोकोलच्या तराफ्यातून चौरस मीटरला साधारण २० वॉट उष्णता खाली शिरते. बारा तासांत सगळ्या वाफ्यांत मिळून ४.३ गिगाज्यूल, आणि १,५०० घनमीटर पाणी त्याने एक अंशही चढत नाही. रात्री वेट बल्ब सोळापर्यंत उतरतो, तेव्हा छोट्या कूलिंग टॉवरमधून ही उष्णता बाहेर काढायला दोन घनमीटरपेक्षा कमी पाणी उडवावं लागतं. ६३ च्या जागी दोन. सिंगापूरमध्ये मुळं २० अंशांवर ठेवून उष्ण हवेत लेट्यूस घेतल्याचं एरोपोनिक्सवरचं (मुळं हवेत ठेवून त्यांवर पोषक पाणी फवारायची पद्धत) काम प्रसिद्ध आहे, त्यामुळे दिशा नवी नाही.

पानं तरीही तापतील. पॅड पूर्ण काढता येणार नाहीत. निम्मी हवा आणि सहाच तास, जोडीला सरकती सावली. याचे तोटेही लिहून ठेवतो: झाडं नायट्रेट घेताना जी अल्कता पाण्याला परत देतात ती आता माशांच्या बाजूला पोचणार नाही, चुना पूर्ण घालावा लागेल. एकदिश प्रवाहात माशांच्या टाकीत नायट्रेट चढेल, म्हणून गाळाच्या टाकीत विनत्रीकरणाची (नायट्रेटचा नत्र वायू करून उडवण्याची) सोय हवी.

२९ मे

धुळीचं वादळ. सौर पॅनल दुपारपर्यंत पुसले. चाचणीच्या वाफ्यात सामू किंचित वर, धूळही चुनखडीचीच. पॅडच्या बाहेर जाळीचा आणखी एक पदर.

१२ जून

चाचणी युनिटवर कडक उन्हाळ्याचा पहिला आठवडा. पाणी २२ ते २३ वर टिकलं, मुळं पांढरीशुभ्र, मुळं कुजवणाऱ्या पायथियमचा मागमूस नाही. शेजारच्या न थंड केलेल्या वाफ्यात पाणी ३० वर गेलं आणि मुळं तपकिरी पडून सुटायला लागली. दोन्हीकडे हवा तीच, बियाणं तेच. हा फरक डोळ्यांनी पाहिल्यावर रचनेचे सहकारीही मुळांच्या बाजूने आले.

मात्र थंड वाफ्यातही दुपारी हवा ३६ च्या पुढे गेली त्या दिवसांत पानांच्या कडा करपल्या. उन्हाळ्याचे सर्वांत कठीण आठवडे लेट्यूस घेऊ नये, असं माझं मत झालं आहे. भेंडी आणि बेझिल त्या हवेत आनंदाने वाढतात. बारा महिने एकच पीक हा हट्ट पाण्यालाच महाग पडतो.

पांढरी माशी दिसली. माशांचं पाणी खाली असल्याने फवारणीचा विचारच नको, तांबं तर अजिबात नाही. परजीवी गांधीलमाश्यांची मागणी नोंदवली.

१ जुलै

खाऱ्या निचऱ्याची वाट. दुबईतल्या आंतरराष्ट्रीय जैवक्षारीय कृषी केंद्रात आरओचा निचरा आधी मत्स्यटाकीत आणि तिथून सॅलिकॉर्नियासारख्या क्षारप्रिय वनस्पतींना देण्याचं काम झालं आहे. आपला निचरा लिटरला नऊ ग्रॅमच्या आसपास, तांबड्या संकरित तिलापियाला सोसणारा. गोड्या बाजूला सोडियम चढू नये म्हणून वाफ्यातून जे थोडं पाणी काढावं लागेल तेही इथेच, त्यातली नत्र-स्फुरदं वाया जात नाहीत.

सॅलिकॉर्निया वाळूच्या वाफ्यांत, खाली अस्तर, अस्तरावर निचरा नळ्या. फेब्रुवारीत बाजूला ठेवलेली चुनखडीची वाळू इथे चालते. रोज निघणारा पन्नास किलो कोरडा गाळही कुजवून याच वाळूत. सॅलिकॉर्नियाच्या सुक्या वजनात बरीच राख असते, कापणीबरोबर थोडं मीठ बाहेर पडतं. सगळं नाही, आणि अहवालात ‘सगळं’ असं ध्वनित होईल असं एकही वाक्य जाऊ देणार नाही. उरलेल्याला तळं लागेलच.

९ जुलै

नवे आकडे, उन्हाळ्याच्या दिवसासाठी: पॅडमधून उडणारं १९ घनमीटर, त्यांचा निचरा साडेनऊ, आरओला ३६. विहिरीतून ६५ च्या आत, म्हणजे पहिल्या आराखड्याच्या निम्मं. टॉवरचं दोन घनमीटर वेगळं. भाजीच्या किलोमागे ११५ ते १२० लिटर. मीठ रोज १८० किलोच्या आसपास. क्षारप्रिय वाफे जमेस न धरता तळं २,६०० चौरस मीटर, आणि बांधायचं ते तेवढंच, वाफे कितीही चांगले चालले तरी.

बांधकामाचा क्रम यावरूनच ठरवून पाठवला: आधी तळं आणि त्याचं अस्तर, गळतीची चाचणी, मग क्षारप्रिय वाफे, मग आरओ, माशांच्या टाक्या, आणि तराफे सर्वांत शेवटी. विहिरीवर आणि तळ्याच्या तोंडाशी प्रत्येकी एक मीटर, दोन्हींची वाहकता दर तासाला नोंदवली जाईल. आत किती मीठ आलं आणि तळ्यात किती पोचलं यातला फरक दर महिन्याला काढायचा. हिशेब जुळला नाही तर नवं मत्स्यबीज मागवायचं नाही, ही अट करारात घातली आणि ती मान्य झाली.